कॉर्ड लावली की माझा सा का सरकतो?

केतकी_नाशिक (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत गाणं झालंय, पेटीवर हात बऱ्यापैकी फिरतो. यंदा सोसायटीच्या गणपतीत मी गाणार आणि तबल्याबरोबर माझा भाचा गिटार घेऊन साथीला बसणार असं ठरलंय. दोन साधी भावगीतं, एक भूपातला अभंग आणि एक मालकंसातलं भजन. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा.

तालमीला बसल्या बसल्या भाचा म्हणाला, "आत्या, कॉर्ड्स सांग." मी त्याला सरगम लिहून दिली. मोडी लिपीतला कागद हातात यावा तसा तो बघत राहिला. मग त्यानेच नेटवरून काहीतरी शोधून वाजवलं. भावगीतं छान वाटली. अभंग बरा वाटला, पण कुठेतरी खटकत होतं. आणि मालकंसात तर कमाल झाली. त्याने कॉर्ड धरली आणि मला माझा सा सापडेना! तंबोरा ॲप चालू होतं तरीही.

तर शंका अशा. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन स्वर हे कळलं, पण कोणते तीन आणि तेच का? गाण्यात ती कुठे बदलायची हे कसं ठरतं? आणि मालकंसात माझा सा कुणी पळवला?

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. सरगमीतच सांगा प्लीज.

बेसुरा_पण_हौशी

उत्तम धागा. जागा धरून बसतो.

खमाज

केतकीताई, सरगम येते म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. पेटी पुढ्यात घ्या.

बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर. कुठल्याही स्वरावर बोट ठेवा, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या, परत एक सोडा, एक घ्या. सा-ग-प. रे-म-ध. ग-प-नि. म-ध-सां. अशा सात स्वरांवर सात कॉर्ड्स तयार होतात. ज्या स्वरापासून सुरुवात केली तो त्या कॉर्डचा मालक.

आता काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून अंतर मोजा. सा ते ग चार पावलं, ग ते प तीन. हिला मेजर म्हणतात. रे ते म तीन आणि म ते ध चार, ही मायनर. दोन्हींत दोन टोकांमधलं अंतर सातच, म्हणजे सा-प चा जो संवाद आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात तोच. फरक फक्त मधल्या स्वराचा. सा-ग-प मधला ग कोमल केला की मेजरची मायनर होते. करून बघा, एका बोटाने खोलीचा रंग बदलतो.

सातपैकी सा, म, प यांच्या कॉर्ड्स मेजर. रे, ग, ध यांच्या मायनर. उरली नि-रे-म, तिच्यात तीन आणि तीन, म्हणजे टोकांचं अंतर सहाच. तिला डिमिनिश्ड म्हणतात. ती टेकत नाही, कुठेतरी जायला बघते. सध्या तिला सोडा.

आता दुसरी शंका. सा ची कॉर्ड (सा-ग-प), म ची (म-ध-सा) आणि प ची (प-नि-रे) एका ओळीत लिहा. सातही स्वर आले की नाही? म्हणून साध्या गाण्यातल्या जवळजवळ कुठल्याही स्वराखाली या तिघींपैकी एक चालते, आणि म्हणूनच गिटारवाले 'तीन कॉर्डमध्ये शंभर गाणी' अशी फुशारकी मारतात.

बदलायची कधी? केरव्याच्या आठ मात्रा धरा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर गळा ज्या स्वरावर टेकतो तो बघा. टेकलेला स्वर कॉर्डमध्ये असला पाहिजे. मधले जाता जाता लागणारे स्वर, कण, मुरकी यांची काळजी करायची नाही. प्रत्येक स्वरासाठी कॉर्ड बदलायला गेलात तर भाच्याची बोटं सुजतील.

मालकंसाचं रात्री लिहितो. तो मोठा विषय आहे.

शंकासुर

म्हणजे मेजर आनंदी, मायनर दुःखी. बरोबर ना?

पंचमवर्ज्य

@शंकासुर, या हिशेबाने मालकंस, दरबारी, बागेश्री सगळेच रडके ठरतात. कोमल गंधार लागला की माणूस दुःखी होतो हे आमच्या गुरुजींना कुणी सांगितलं नाही म्हणून बरं.

धाग्याविषयी माझं स्पष्ट मत: भावगीताला हव्या तेवढ्या कॉर्ड्स लावा. रागातल्या रचनेला तंबोरा पुरे आहे. आपल्याकडे एका सा च्या आधारावर बाकीचे स्वर एकामागून एक येतात, त्यात प्रत्येकाचं सा शी नातं कळतं. तीन स्वर एकत्र दाबून दर चार मात्रांनी जमीन हलवायची गरजच काय? आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी ठेवली ती उगाच नाही.

बेसुरा_पण_हौशी

आता बंदी आली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भौतिकवाला

बंदीचा आणि कॉर्डचा संबंध आहे, पण जरा वेगळा. आकडे देतो, मग भांडा.

आपल्या जुन्या पुस्तकांतल्याप्रमाणे सा २४० आंदोलनांचा धरा. कानाला अगदी स्वच्छ लागणारा ग येतो ३०० वर आणि प ३६० वर. २४०, ३००, ३६० म्हणजे ४:५:६. इतके लहान आकडे म्हणूनच मेजर कॉर्ड एकजीव ऐकू येते. कोमल ग घेतला तर २४०, २८८, ३६०, म्हणजे १०:१२:१५. आकडे मोठे झाले, एकजीवपणा थोडा कमी झाला. शंकासुर, मायनरचा जो वेगळा रंग लागतो त्यात या गणिताचा वाटा आहे. दुःख वगैरे लय, शब्द आणि सवय यांचं काम.

आता कीबोर्ड. त्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण १.०५९५ पट. या हिशेबाने प येतो ३५९.६ वर, म्हणजे जवळजवळ अचूक. पण ग येतो ३०२.४ वर. चढा. सा आणि हा ग एकदम धरून ठेवला तर त्यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप निघणारे वरचे बारीक स्वर) एकमेकांवर आपटून सेकंदाला साडेनऊ हेलकावे ऐकू येतात. आकाशवाणीच्या बंदीमागे एक आक्षेप हाच होता, की पेटीचे स्वर असे समान वाटून घेतलेले, आणि दुसरा म्हणजे तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही.

गंमत अशी की हा सौदा मुळात हार्मनीसाठीच झाला. कुठल्याही पट्टीला सा मानून कॉर्ड वाजवता यावी म्हणून प्रत्येक ग ने थोडं थोडं चढं राहायचं मान्य केलं. आपल्याला सा बदलायचाच नसतो, त्यामुळे आपण तोटा घेतला आणि फायदा वापरलाच नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली ती याच दुखण्यावर इलाज म्हणून.

शंकासुर

साडेनऊ हेलकावे? आमच्या पेटीत तर चाळीस आहेत.

भौतिकवाला

@शंकासुर तुमच्या पेटीला ट्यूनिंगवाल्याकडे न्या.

वसईकर

आमच्या पॅरिशच्या कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) टेनर गातो, म्हणून चार ओळी.

केतकीताई, कॉर्ड म्हणजे तीन पट्ट्या एकदम दाबणं ही वाजवणाऱ्यांची व्याख्या झाली. गाणाऱ्याला ती वेगळी दिसते. आमच्याकडे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज असतात आणि प्रत्येकाला स्वतःची चाल असते. आमची टेनरची चाल बरेचदा इतकी कंटाळवाणी असते की प-प-प-ध-प असं गाऊन घरी जायचं. पण चौघं एकत्र आलो की उभ्या रेषेत बघितलं तर दर मात्रेला कॉर्ड तयार झालेली असते. म्हणजे आडवं गाणं, उभी हार्मनी.

पेटीवर हे करून बघा. सा-ग-प वाजवा. आता म ची कॉर्ड घ्यायचीय तर हात उचलून म-ध-सां कडे धावू नका. सा तसाच धरा, ग चा म करा, प चा ध करा. सा-म-ध. स्वर तेच, फक्त क्रम उलटा. मग प ची कॉर्ड: सा चा खालचा नि, म चा रे, ध चा प. नि-रे-प. परत सा-ग-प. बोटं जागच्या जागी सरकतात आणि तीन वेगवेगळ्या चाली ऐकू येतात. ठोकळे आपटल्यासारखं वाटत नाही.

खमाज

@वसईकर, क्या बात है. हा परिच्छेद प्रत्येक कीबोर्ड क्लासच्या भिंतीवर लावायला हवा.

त्यालाच जोडून: प च्या कॉर्डमध्ये वरचा म घातला की प-नि-रे-म होते, सेव्हन्थ. त्यातल्या नि आणि म मध्ये सहा पट्ट्यांचं अंतर असतं, भारी ताण. नि ला वर सा कडे जायचंय, म ला खाली ग कडे. दोघं सरकले की सा-ग हातात येतात. तिहाई समेवर यावी तसं कानाला पटतं. भावगीताच्या ध्रुवपदाकडे परतताना भाच्याला ही द्या.

गिटारवाले_काका

थिअरी नंतर, आधी हात. काळी चार म्हणजे गिटारच्या भाषेत जी शार्प. तिथे सरळ वाजवायला गेलं तर पोराची करंगळी तुटेल. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घरात) लावायचा आणि जी, सी, डी चे आकार वाजवायचे. जी म्हणजे तुमचा सा, सी म्हणजे म, डी म्हणजे प. भावगीतं संपली.

काळी पाच असती तर ए चे आकार, कॅपो पहिलाच. काळी एक असेल तर सी चे आकार.

कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोज उणे चार करा आणि पांढरी एक समजून वाजवा.

पंचमवर्ज्य

सगळं छान चाललंय, पण माझ्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. भूपात म आणि नि वर्ज्य (लागतच नाहीत). म्हणजे तुमच्या तीन लाडक्या कॉर्ड्सपैकी म-ध-सा बाद, प-नि-रे बाद. उरली एक. आता लावा हार्मनी.

टेनर_मडगाव

पंचमवर्ज्य यांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं उत्तर हिंदी सिनेमाने कधीच शोधलंय, आणि ते शोधण्यात आमच्या गोंयकारांचा हात मोठा आहे.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना सोल्फेज (दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, शिकवणारा तो मेस्त्र. तिथून निघालेली पोरं मुंबईला आली, हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि मग स्टुडिओत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन यांचे अरेंजर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. चाल देणारा संगीतकार पेटीवर चाल म्हणायचा. खालची हार्मनी, व्हायोलिनांचा ताफा, मागे धावणारी दुसरी सुरावट हे कागदावर लिहायचे हे लोक. नाव पडद्यावर क्वचितच यायचं, आलं तरी साहाय्यक म्हणून. गोन्साल्विस तर पुढे गेले. त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या आणि १९५८ मध्ये मुंबईत सादर केल्या.

त्यांची युक्ती काय? रागातली चाल आली की कॉर्ड जाड ठेवायची नाही. गायकाच्या मागे दुसरी सुरावट सोडायची, तीही रागाच्याच स्वरांतली, गायक थांबला की पुढे यायची, गायक गायला लागला की मागे जायची. ऑब्लिगाटो म्हणतात त्याला. हार्मनी होते, राग मोडत नाही.

आमच्या मांडो या कोंकणी गीतप्रकारातही दोन आवाज असतात. दुसरा आवाज बहुतेक वेळ मुख्य चालीपासून एक स्वर सोडून चालतो, मुख्य आवाज ग वर असेल तर हा सा वर. दोनच आवाज, व्हायोलिन आणि घुमट. तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड पाहिजेच असा नियम कुणी केलेला नाही.

शंकासुर

लग्नाच्या बँडमध्ये दोनच प्रकारची हार्मनी ऐकलीय. एक, सगळे एकदम बरोबर. दोन, क्लॅरिनेटवाला पुढच्या कडव्यात आणि मागचा भोंपू अजून मुखड्यात.

वसईकर

@शंकासुर दुसऱ्या प्रकाराला कॅनन म्हणतात आणि त्याला युरोपात मान आहे. हलके घ्या.

खमाज

रात्र झाली, मालकंसाची वेळ. आधी पंचमवर्ज्य यांच्या भुपाचा हिशेब करू.

सा रे ग प ध. फक्त या पाचांतून किती कॉर्ड्स बनतात? सा-ग-प, मेजर. ध-सा-ग, मायनर. संपलं. प वर पूर्ण कॉर्ड होत नाही कारण नि नाही, पण नुसते प-रे धरता येतात, आणि रे-प-ध असा एक लटकता मेळ मिळतो, ज्यात मधला स्वर म नसून एक पायरी पुढे, प वर सरकलेला असतो. गिटारवाले त्याला सस फोर म्हणतात. कॅपो पहिल्या फ्रेटवर असताना जी, ई मायनर आणि ए सस फोर. डी वाजवायचा तर त्यातला एफ शार्प काढून फक्त डी आणि ए च्या तारा छेडायच्या. ताई, तुम्हाला अभंगात खटकत होतं ते बहुधा भाच्याच्या सी आणि पूर्ण डी मधून येणारे म आणि नि. तुम्ही गात नव्हता, पण ते खोलीत होते.

आता मालकंस. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. याच्यातून कॉर्ड्स काढा:

म-ध-सा. मायनर.
ध-सा-ग. मेजर.

दोनच. लक्षात आलं का? सा ची कॉर्डच होत नाही! तिला पंचम लागतो, आणि पंचम वर्ज्य. भाच्याने सा ची मायनर कॉर्ड धरली असेल तर पंचम आला आणि राग गेला. आणि त्याने हुशारी करून रागातली मेजर कॉर्ड धरली असेल, ध-सा-ग, तर त्याहून मोठा घोटाळा झाला. कोमल ध ला सा समजा आणि मालकंसाचेच पाच स्वर तिथून म्हणून बघा. काय ऐकू येतं?

केतकी_नाशिक

अगं बाई! भूप!!

खमाज

तेच. मूर्च्छनेचं, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलण्याचं, गणित आपण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. भाच्याच्या त्या कॉर्डने कानाला सांगितलं की घर कोमल ध वर आहे. तंबोरा म्हणतोय घर इथे, गिटार म्हणतेय घर तिथे, आणि गिटारचा आवाज मोठा. तुमचा सा जागेवरच होता, पण तो आता भुपाचा गंधार वाटायला लागला.

माझ्या मते रागात कॉर्ड लावताना खरी अडचण इथेच असते. वर्ज्य स्वर टाळणं सोपं आहे, पट्ट्या मोजता येतात. पण कॉर्डला स्वतःचा सा असतो, आणि ती तो रागावर लादते. पाश्चात्त्य संगीतात हेच हवं असतं, घरातून निघायचं, दुसऱ्याच्या घरी जाऊन यायचं आणि परतल्याचा आनंद घ्यायचा. रागात घर सोडायचं नसतं.

पंचमवर्ज्य

म्हणजे माझंच म्हणणं झालं. कॉर्ड नको.

खमाज

नाही हो. सा ला धक्का लावणारी कॉर्ड नको, एवढंच. तुमचं आयडी मालकंसाचं आहे म्हणून तुम्हाला सवलत देऊ शकत नाही.

न्यूजर्सीची_मावशी

उशिरा आले, पण यावर माझा रोजचा अनुभव आहे. माझ्याकडे गाणं शिकायला येणारी इथली आपली मुलं शाळेत बँडमध्ये, कॉयरमध्ये असतात. मालकंसाचे आरोह-अवरोह शिकवले की त्यांचा गळा हमखास कोमल ध वर जाऊन टेकतो. तंबोरा चालू असूनही. त्यांचा कान लहानपणापासून मेजर कॉर्ड शोधायला शिकलेला असतो आणि त्या पाच स्वरांत मेजर कॉर्ड एकच, तीही सा वर नाही. मी आता त्यांना आधी पंधरा मिनिटं नुसता सा-म-सा गायला लावते. मध्यम पक्का झाला की भूप डोकं वर काढत नाही.

उलट फायदाही आहे. ही मुलं मारवा फार लवकर समजतात. मारव्यात ध आणि कोमल रे वर जोर, सा ला टाळत फिरायचं, आणि ध-रे-ग हे तीन स्वर एकत्र घेतले तर ध वर सरळ मेजर कॉर्ड होते. मारव्याची ती अधांतरी बेचैनी त्यांना 'दोन घरांचं भांडण' म्हणून लगेच कळते. मला कळायला गुरूंचा ओरडा खावा लागला होता.

@पंचमवर्ज्य, तंबोरा पुरे म्हणता, पण तंबोरा तरी कुठे एका स्वराचा आहे? खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतो आपण. सा, प आणि तो ग. झाली की मेजर कॉर्ड.

भौतिकवाला

+१. तारेच्या पाचव्या उपस्वरावर तो गंधार येतो, दोन सप्तकं वर, आणि भौतिकदृष्ट्या तो अगदी ४:५:६ मधलाच ग, कीबोर्डसारखा चढा नाही. प च्या तारेतून तिसऱ्या उपस्वरावर रे आणि पाचव्यावर नि सुद्धा येतो. म्हणजे तंबोरा सा-ग-प आणि प-नि-रे दोन्ही बाळगून असतो.

पंचमवर्ज्य

मावशी, मुद्दा आवडला, पण त्याच न्यायाने मालकंस गातानाही खर्जातून शुद्ध गंधार येतच असतो, आणि कुणी त्याला वर्ज्य स्वर लागला म्हणत नाही. कारण तो सा च्या पोटात असतो, सा ला जाड करतो. गिटारवर तोच गंधार वेगळ्या तारेवर, वेगळ्या बोटाने, ठणकन वाजतो. पोटातला स्वर आणि दारात उभा राहिलेला स्वर यांत फरक करा.

बाकी मारव्याचं निरीक्षण सुंदर. उद्या गाऊन बघतो.

टेनर_मडगाव

पंचमवर्ज्य बाब, ह्या तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला आमचे मेस्त्र सुद्धा सही करतील. बासचा स्वर आणि वरचा स्वर यांचा मान वेगळाच असतो. तीच कॉर्ड, पण खाली कुठला स्वर आहे त्यावर घर ठरतं. ध-सा-ग मध्ये सर्वांत खाली सा ठेवला आणि ध वर हलका ठेवला तर मालकंस तितका हलणार नाही.

बेसुरा_पण_हौशी

अवांतर: चर्चमध्ये गाताना मराठी शब्द असतात का? की सगळं लॅटिन?

वसईकर

मराठीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर अभंग-ओवीच्या वळणाची, ती पेटी-तबल्यावर गातात, चार आवाज लागत नाहीत. पाश्चात्त्य चालीची गीतं मात्र चार आवाजांत. एकाच रविवारी दोन्ही. म्हणून म्हटलं, भांडण कशाला?

केतकी_नाशिक

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा वाचायला दिला. तो म्हणतो थिअरी कळली, पण मालकंसात मी नक्की काय वाजवू ते सांगा. दोनच कॉर्ड आणि त्यातली एक धोक्याची, मग काय हात बांधून बसू? वाजवलं नाही तर आईबाबा व्हिडिओ कशाचा काढणार?

गिटारवाले_काका

याच प्रश्नाची वाट बघत होतो. भाच्याला बोलवा.

कॅपो चौथ्या फ्रेटवर. आता मोकळी सहावी तार तुमच्या काळी चारचा सा झाली. मोकळ्या तारा जाड्या बाजूने मोजा: सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा. बघितलंत? सहापैकी पाच तारा मालकंसात आहेत! फक्त दुसरी तार पंचम देतेय. त्या तारेवर कॅपोच्या पुढच्या पहिल्याच फ्रेटवर एक बोट ठेवा. प चा कोमल ध झाला.

एक बोट, सहा तारा, अख्खा मालकंस.

सगळ्या तारा एकदम खरडायच्या नाहीत. अंगठ्याने सहावी आणि पाचवी, म्हणजे सा-म, तंबोऱ्यासारखी चालू ठेवायची आणि बाकीच्या एकेक करून मधल्या जागांत. आत्या मध्यमावर थांबली तर ए मायनरचा आकार, तो म-ध-सा. सी मेजरचा आकार घ्यायचाच तर तळाला ई ची मोकळी तार ठेवून, वरच्या टेनरबाबांनी सांगितलं तसं. ई मायनर पूर्ण धरायचा नाही, त्यात बी आहे, म्हणजे तुमचा पंचम.

खमाज

काका, साष्टांग. इतकी वर्षं गिटार समोर आहे आणि मोकळ्या तारांत मालकंस बसलाय हे दिसलं नव्हतं.

पंचमवर्ज्य

हे वाजवलं तर माझी हरकत नाही. तबल्याच्या आत आवाज ठेवा, एवढंच.

केतकी_नाशिक

आत्ता करून बघितलं. सा जागेवर आहे!! भाचा म्हणतो हे कुठल्याच यूट्यूबवर नव्हतं.

फक्त एक. कार्यक्रम भैरवीने संपवायचा असं आज अध्यक्षांनी सांगितलंय. आता तिच्यासाठी वेगळा कॅपो?

गिटारवाले_काका

कॅपो तिथेच राहू द्या. सा वर ई मायनर, कोमल रे वर एफ मेजर, कोमल नि वर डी मायनर, म वर ए मायनर. या चौघींत भैरवी थाटाचे सातही स्वर आहेत. ई मायनर आणि एफ ची ये-जा केली की भैरवी लगेच ओळखू येते.

न्यूजर्सीची_मावशी

आणि केतकी, भैरवीत आपण बाराही स्वर फिरवतो. तू शुद्ध रे किंवा तीव्र म घेतलास की त्याने कॉर्ड सोडून नुसता सा छेडायचा. आधी खूण ठरवून ठेवा.

शंकासुर

खूण म्हणून भाच्याच्या पायावर पाय. आमच्या मंडळात हीच पद्धत आहे.

बेसुरा_पण_हौशी

व्हिडिओ इथे टाकायला विसरू नका. आणि अध्यक्षांना भाषण भैरवीच्या आधी करायला सांगा.